पांडूची सुनीता जगदंबा नाचली

आम्ही दिंडोरीकडचे. काय सांगू तुम्हाला, घरात जमीन अशी नव्हतीच, व्हता तो बोहाडा. उन्हाळ्यात गावात देवांची सोंगं नाचवायची, तोंडाला मुखवटे बांधून, त्याला आमच्याकडं बोहाडा म्हणत्यात, आन् त्यातलं जगदंबेचं सोंग आमच्या घराकडं. बाप नाचायचा, बापामागं माझा धाकटा भाऊ पांडू नाचायला लागला, मी संबळ वाजवायचो. बाकी वर्षभर दोघंबी दुसऱ्याच्या द्राक्षबागंत, छाटणी म्हणा, फवारणी म्हणा.

त्या नव्वदच्या पुढच्या सालांत नाशकातल्या एका संग्रहालयातल्या नलूताई बोहाडा बघायला आल्या. आम्हा दोघांना म्हणल्या, वर्षभर आमच्याकडं शिकायला या. पांडू म्हणला, ताई, नाचता येतंय की आम्हाला. त्या म्हणल्या, नाचता येतं रे, पण अनोळखी माणसांपुढं उभं राहायचं कसं, ते शिकू. खरंच व्हतं ते. मंग दर सोमवारी यष्टीनं जायचो. तिथल्या हॉलात नाच शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, त्यांनी पांडूला आरशापुढं उभा केला. आता बघा, त्यानं जल्मात आपला नाच बघितला नव्हता, मुखवट्याच्या भोकातनं काय दिसतंय माणसाला? पयल्यांदा लाजला, मंग हसाया लागला, लय हसला.

त्याची पोर सुनीता शाळंला सुट्टी असली की संगं यायची. भिताडाला टेकून बापाचे पाय बघत बसायची.

पांडू बागंतच गेला. फवारा मारता मारता चक्कर आली, तोंडाला फेस आला, नाशकाला नेईस्तोवर संपलं सगळं. मी संबळ गुंडाळून माळ्यावर टाकला. नलूताई आल्या, माझ्या भावजयीपाशी बसल्या, नाचाचं एक अक्षर काढलं नाय त्यांनी. जाताना सुनीताच त्यांच्या मागं गेली, बापाला ती दादा म्हणायची, म्हणली, ताई, दादाचं सोंग मला येतंय.

गावानं ऐकलं नाय. म्हातारी माणसं म्हणली, देवी बाई आसंल, पण सोंग बाप्यानंच घ्यायचं, पोरीचा विटाळ व्हतो. भावजय रडली. ताई म्हणल्या, गावचा मुखवटा गावातच राहू द्या, आपण कागदाच्या लगद्याचा दुसरा करू, ती आमच्या हॉलात नाचंल. वर्षभर त्या नाचाच्या बाईंनी पोरीला घडवलं, आन् मी माळ्यावरनं संबळ काढला, काय करणार.

हॉल भरला व्हता त्या दिशी. भावजय पुढंच बसल्याली. सुनीतानं गिरकी घेतली ती थेट पांडूची, तसाच डावा खांदा खाली, तसंच थांबणं. भावजयीनं पदर तोंडात धरला. माझे हात संबळावरच थांबले. पोरीनं मुखवट्याआडनं माझ्याकडं मान वळवली आन् पाय आपटला, मंग माझे हात पुन्हा चालले.

पुढं ताई रिटायर झाल्या, ते शिकवणं बंद पडलं. सुनीताला येवल्याचं स्थळ आलं, पैठणी विणणारी माणसं, घर चांगलं. बैठकीत सासरा एवढंच म्हणला, नाचबिच आमच्यात चालायचं नाय. भावजय व्हय म्हणली. मीबी तिथंच बसलो व्हतो, बिनबापाची पोर, काय बोलणार?

आता येवल्याला जातो कधीमधी. सुनीता मागावर बसलेली असती. मागच्या वक्ताला सासू चहा टाकाया आत गेली, तशी हळूच म्हणली, तात्या, संबळ वाजवता का अजून? म्हणलं, नाय गं, कुणासाठी वाजवू. ती तुटलेला धागा सांधत बसली, लय वेळ.

नवरा चांगला हाय, सासूबी जीव लावती. देव त्या पोरीला सुखात ठेवो. दुसरं काय मागू मी?