डुकरांनी खाल्लेल्या पंधरा पाई

नाही नाही, हात नका लावू, ती अजून उकळतेय आतून. बसा, बसा त्या बाकावर, दहा मिनिटं निवू दे, मग बांधून देते. गरम पाई कापली की सगळा रस ताटात आणि कोरडी फोड तोंडात — मग गाडीतून घरी जाताना मला शिव्या द्याल. कृती ना? देते की, कृतीत काय लपवायचंय? वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी रात्रभर भिजवायच्या, सफरचंदाच्याच रसात शिजवायच्या, मऊ लगदा होईतो. दालचिनी, लवंगेची चिमूट, गूळसर साखर. वरचं पीठ डुकराच्या चरबीत मळायचं आणि पाणी विहिरीचं, गार, दात शिवशिवतील असं. झालं. हां — आणि मूठभर वाळलेली नासपती. पण ते माझं नाही. नासपती व्हर्नाची. सून माझी, आमच्या एनॉसची बायको. बाहेर कपडे वाळत घालतेय. इंडियानाची आहे. तिकडे असलं काहीतरी करतात.

असं बघू नका, चांगली आहे पोरगी. गाई दुहते, शिवण सुरेख, आवाज तर कधी चढत नाही — कधी कधी वाटतं, चढवावा बाई एकदा, म्हणजे घरात कोणीतरी आहे ते कळेल! पण लग्न होऊन आली तेव्हाची तिची पहिली पाई — देवा रे! गिडियननं, म्हणजे आमच्या यजमानांनी, एक घास घेतला, बराच वेळ चावला, आणि म्हणाले, "सलोमा, ही उरलेली टाकू नकोस, खोगिराला ठिगळ लावायला होईल." ती पोर बिचारी खाली मान घालून बसली. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

आणि मग आला आमच्याकडचा चर्चचा रविवार. आमचं चर्च घरोघरी फिरतं ना — पाळी आली की बसायच्या बाकांनी भरलेली गाडी दारात, तीसेक कुटुंबं, प्रार्थना संपली की सगळ्यांना ब्रेड, लोणची, कॉफी आणि ही पाई. पाई नसली तर लोक म्हणणार काही नाहीत, पण आठवण मात्र वीस वर्षं ठेवतील. आता माझी पाई म्हणजे — स्वतःच्या तोंडानं सांगू नये, गर्व आमच्यात सगळ्यात मोठं पाप — पण लोक सांगतात. बिशपची बायको फॅनी तर माझ्याकडे पाळी असली की सकाळपासून काही खात नाही म्हणे. तीस पाई लागणार होत्या. मी म्हटलं, सगळ्या मीच करते. तर व्हर्ना म्हणते, "आई, अर्ध्या मी करू?" आता नाही कसं म्हणायचं? नाही म्हणणं म्हणजे पुन्हा गर्वच. केल्या तिनं पंधरा. मी बघत होते — नासपती घालतेय! म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "माझी आई घालायची." तिची आई गेली, लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात. पण मला खोगीर आठवलं. म्हटलं, उद्या फॅनीच्या तोंडात हे खोगीर जाणार, आणि नाव कोणाचं? माझं.

तर मग — तुम्ही आमच्या पंथाबाहेरच्या, तुम्हाला सांगायला काय हरकत — मी शनिवारी दूध काढायच्या वेळेला तळघरात उतरले. सगळी गोठ्यात होती. डाव्या फळीवर तिच्या पंधरा, उजवीकडे माझ्या पंधरा, मीच ठेवल्या होत्या. दिवा लावला नाही. कशाला लावायचा, चोर दिवा लावतो का? डावीकडच्या सगळ्या उचलल्या, बादलीत उलट्या केल्या आणि नेऊन डुकरांच्या डोणीत ओतल्या. सांगणार होते की रकून शिरला, तो चोरटा प्राणी. रकूनचं काय, त्याच्या नावावर काहीही खपतं. माझ्या पंधरा पुरवून पुरवून वाढू, फोडी जरा बारीक कापू — असा सगळा हिशेब. डुकरं काय खूष! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी फोडी वाढल्या. इतक्या पातळ, की फोडीतून पलीकडचं दिसेल. फॅनीनं घास घेतला. डोळे मिटले. म्हणाली, "सलोमा, आजवर खाल्ल्या त्या खाल्ल्या, पण ही! हात कसा काय एवढा बसला गं तुझा?" मी म्हटलं बघू तर, आणि स्वतः एक तुकडा तोंडात टाकला.

नासपती.

अहो, नासपती! आणि वरचं पीठ — पापुद्रे असे, की जिभेवर ठेवले आणि विरघळले. कधी शिकली कोण जाणे, मी बघितलंच नव्हतं, मी खोगीर धरूनच बसले होते. मागाहून कळलं, गिडियननं बीटच्या बरण्या मागं लावायला शनिवारी दुपारी सगळ्या पाई खाली उतरवल्या, आणि परत ठेवताना डावीकडच्या उजवीकडे नि उजवीकडच्या डावीकडे केल्या होत्या. म्हणजे डुकरांनी खाल्ल्या त्या — हो. माझ्या.

हसा, हसा. मीही हसले असते. पण फॅनी माझ्या तोंडाकडे बघत होती, दहा बायका बघत होत्या, आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "चाळीस वर्षं करतेय, हात बसतोच." आणि मागं वळते तर व्हर्ना, कॉफीची किटली घेऊन. तिनं माझ्या कपात कॉफी ओतली. एक थेंब सांडला नाही. सांडला असता ना, तर बरं झालं असतं.

पोरीनं आईची पाई परक्या गावात पहिल्यांदा वाढली, आणि कौतुक मी घेतलं. मेलेल्या बाईचं कौतुक चोरलं हो मी. दोन महिने झाले. सांगता येत नाही, म्हणून काय केलं, तर खांदा दुखतो म्हणून सांगितलं आणि भट्टी तिच्या हातात दिली. आता गिडियन रोज संध्याकाळी खांद्याला घोड्याचं मलम चोळतात. घरभर तबेल्याचा वास. खांद्याला काही झालेलं नाही! पण किती प्रेमानं चोळतात, थांबवू कशी? तुम्ही मागच्या खेपेला नेली ती पाई, आज पुन्हा शोधत आलात ती — माझी नव्हेच. तिची. कोणाजवळ तरी बोलायला हवं होतं, आणि तुम्ही आपल्या —

असं काय बघताय माझ्या मागं?

अगं बाई. व्हर्ना. कधी आलीस तू? ... कुठून ऐकलंस? ... काय? आधीपासून? म्हणजे त्या शनिवारी तू गोठ्याच्या खिडकीतून मला बघितलंस... बादलीसकट? आणि डोणीत डोकावूनही आलीस? मग तुला तेव्हाच कळलं, त्या कोणाच्या ते! आणि दोन महिने तोंड शिवून — अगं, बोलली का नाहीस? ... हसतेस काय? थांब ना, हसू नकोस, मला लाज वाटू दे जरा धड!

... काय म्हणालीस? तुझ्या आईला गंमत वाटली असती? डुकरांची?

... हो. मलाही भेटायला आवडलं असतं तिला.

बरं, ऐक. ते कपडे राहू देत. एनॉसला म्हणावं घोडा जुंप. फॅनीकडे जायचंय, आत्ता, मला धीर आहे तोवर. तू पण चल, नाहीतर वाटेत मी रकून आणीन पुन्हा. तिथं गेल्यावर तुझ्या आईचं नाव तूच सांग तिला. मला नीट उच्चारता येणार नाही.

अहो बाई, तुम्ही अजून बसूनच? निवली ती कधीची. उचला आणि निघा, जा — आम्हाला काम आहे.