आप्पांच्या केबलवरचा आळ

माई, गल्लीतल्या सगळ्या काकू, मामा, आणि समाजमंदिरात जागा मिळाली नाही म्हणून बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. तिकडं दौंड तालुक्यात शाळेवर रोज चाळीस पोरांपुढं माझं तोंड बंद नसतं. आज मात्र बोलायचं कागदावर लिहून आणलंय. फोटोतले आप्पा असे मिश्कील बघतायत, की धड रडताही येत नाही.

आप्पा भरल्या घरातून गेले. सकाळचा चहा झाला, पेपर हातात होता, आणि बसल्या जागी मान कलली. माई काल मला म्हणाल्या, "ह्यांनी कुणाला तरास दिला न्हाई बघ, जातानाबी." खरंय, माई. म्हणून मी रडगाणं गाणार नाही. पण एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. ती आज सांगणार आहे.

जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्या सुनांसाठी सांगते. शिरूरात आपल्या गल्लीत केबल आणली ती आप्पांनी. गच्चीवरून गच्चीवर वायर टाकत त्यांचा निम्मा दिवस वरच जायचा. लग्नाचं शूटिंगही तेच करायचे. नवरानवरीला बदामात बसवायचं, वरून गुलाब पाडायचे, वऱ्हाड ढगातून आणायचं. इथल्या कितीतरी जणांचं लग्न आप्पांनी ढगात लावलंय!

तेव्हा रविवारी सकाळी एका उडणाऱ्या माणसाची मालिका लागायची. तेवढा वेळ गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. मी तिसरीत होते. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी शेजारच्या गंगूकाकूंच्या गच्चीवरून खाली पडले. डावा हात मोडला. आईनं विचारलं, "वर काय करत व्हतीस गं, भवाने?" मी सांगितलं, "उडत होते. टीव्हीतल्यासारखी."

झालं! माराच्या जागी मला दूध मिळालं. गल्लीभर बोभाटा झाला, टीव्ही बघून पोरगीनं उडी मारली. बघायला बायका येऊ लागल्या. मी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून राणीसारखी पडलेली.

माझी धाकटी बहीण शोभा तेव्हा पाच वर्षांची. शोभा, खाली बघू नकोस, तुझं नाव घेणारच आहे मी. तिनं मला हळूच विचारलं, "ताई, खरंच उडलीस?" मी म्हणाले, "थोडीशी. लिंबाच्या झाडापर्यंत गेले, मग पडले."

तीन दिवसांनी शोभा पाठीला टॉवेल बांधून आमच्या गच्चीच्या कठड्यावर उभी होती. आई धुणं वाळत घालायला वर गेली म्हणून. नाहीतर आज ही इथं बसलेली दिसली नसती. आईनं तिचा पाय असा धरला, की घोट्यावर आठवडाभर बोटं उमटली होती.

त्याच दुपारी आईसह सहा बायका आप्पांच्या केबलच्या खोलीवर गेल्या. आई म्हणाली, "आप्पा, तुमच्या त्या वायरीतनं काय येतंय आमच्या घरात? एकीचा हात मोडला, दुसरीचा जीव जाता जाता ऱ्हायला. बंद करा ते आधी!"

आप्पांनी हात जोडले. एवढंच म्हणाले, "चुकलं, वैनी."

त्या रविवारी मालिकेच्या वेळी पडद्यावर नुसत्या मुंग्या. गल्लीतली पोरं काय गप्प बसतात? सगळी रांगेनं पलीकडच्या आळीत. तिथली केबल वेगळी. तिथल्या खिडक्यांना लटकून मालिका बघितली, दोघांचे गुडघे फुटले. काकूंनो, आठवतंय ना?

मग आप्पांनी काय केलं? याच समाजमंदिरात सगळ्या पोरांना गोळा केलं. इथं, मी उभी आहे तिथंच, एक टेबल ठेवलं. त्यावर निळं कापड, मागं निळं कापड. शोभाला पालथं झोपवलं, हात पुढं करायला लावले, टेबलफॅन तोंडावर सोडला आणि लग्नाचा कॅमेरा चालू केला. संध्याकाळी त्यांच्या केबलवरच्या गावच्या चॅनलवर, वाढदिवसाच्या शुभेच्छा जिथं सरकायच्या तिथं, आमची शोभा घोडनदीच्या पुलावरून उडत गेली. पाठोपाठ आप्पा स्वतः आले पडद्यावर. "पोरांनो, नीट बघा. ही टेबलावर हाय. नदी मी काल पुलावरनं शूट केलीय. दोन्ही एकत्र केलं. उडलं कोणच न्हाई. आता आणखी कुणाला उडायचंय?"

दुसऱ्या दिवशी रांग लागली. सगळी पोरं उडाली. माझा तर प्लास्टरसकट नंबर लागला.

पोरांना कळलं. मोठ्यांचं काय? आपल्या ठकूआजींनी शोभाला उडताना बघितलं, आणि पुढचं आप्पांचं बोलणं ऐकायच्या आत त्या नारळ शोधायला उठल्या. सकाळी आमच्या दारात हजर. खण, नारळ, हळदकुंकू. "पोरीच्या अंगात देवीचा वास हाय गं, मला पाया पडू दे." आई समजावून थकली. शेवटी आप्पा आले आणि म्हणाले, "आजी, चला, तुम्हालाबी उडवतो." आणि नऊवारीतल्या ठकूआजी त्याच टेबलावर पालथ्या झाल्या! फॅनच्या वाऱ्यानं पदर फडफडतोय, आजी हसून हसून खोकतायत आणि म्हणतायत, "आरं, पुलावरनं नगं, मला माह्यारावरनं ने!" नेलं आप्पांनी. दुसऱ्या दिवशी एसटीनं वडगाव रासाईला जाऊन भीमेचा काठ शूट करून आले, आणि आजींना माहेरावरून उडवलं. आजी आज नाहीत. पण शेवटपर्यंत त्या सांगायच्या, मी भीमा वरून बघितलीय.

आता पालक मला विचारतात, "मॅडम, ह्या कार्टूननं, जादूच्या गोष्टींनी पोरं बिघडत्यात का हो?" मी काय सांगू? काही होत नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझी बहीण कठड्यावर चढली होती. पण ती का चढली, हे मला नीट माहीत आहे. ती मालिका शोभा दोन महिने बघत होती आणि खाली बसून चुरमुरे खात होती. ती चढली ताईनं 'उडले' म्हणून सांगितल्यावर. पडद्यावरचा माणूस तिचा कोण लागत होता? मी तिची ताई होते.

आणि ताई खोटं बोलली होती.

गंगूकाकू, तुम्ही समोरच बसलाय. तुमच्या गच्चीवर त्या दिवशी कुरड्या वाळत होत्या. ओलसर, अर्ध्या वाळलेल्या. मी चोरून खायला चढले होते. जिन्यात तुमचा आवाज आला, मी घाबरून मागं सरले आणि पडले. उडण्याचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. मार चुकवायला ते तोंडातून निघून गेलं. तुम्ही उन्हाळाभर कावळ्यांना शिव्या घातल्यात, काकू. मला माफ करा.

गेल्या दिवाळीत हे मी आप्पांना सांगितलं. चौदा वर्षांनी. सांगताना रडले मी. तर आप्पा हसायलाच लागले. "आगं, मला ठावं हाय. तिसऱ्या गच्चीवर वायर वढत व्हतो मी. तुला उचलून आणलं ते कुणी? तुझ्या मुठीत कुरडई व्हती, ती मीच काढून घेतली."

मी म्हणाले, "मग आई भांडायला आली तेव्हा बोलला का नाही?"

तर म्हणाले, "बोललो असतो तर मोडल्या हातावर मार बसला असता तुला, आन् गल्लीत कुरडईचोर म्हणून नाव पडलं असतं ते येगळंच. केबलवर आळ आला तर केबल काय रडती व्हय? काळजी धाकटीची व्हती. तिला उडायचं खूळ लागलं व्हतं. ते काढायचं, तर आधी उडवून दाखवायला पायजे."

माणसं हो, आप्पांनी हात जोडले तेव्हा त्यांची चूक काहीच नव्हती. 'चुकलं, वैनी' हे शब्द माझ्या वाट्याचे होते. ते त्यांनी म्हटले, आणि जन्मभर कुणाला कळू दिलं नाही. आई, तू त्यांना जे जे बोललीस ते आज मी माझ्याकडं घेते. घरी गेल्यावर काय ते मला बोल.

आता आपण सगळे उठून उभे राहू. पायऱ्यांवरचेही उठा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका, मोबाईल बंद ठेवा.

आप्पा, चुकलं. नमस्कार करते.