पूजाच्या आईला येणारे मेसेज

आईनं कुणाला सांगू नको म्हटलंय, पण तुम्हाला सांगते. वर्गात कुणी काही केलं की आमच्या बाई पालकांना मेसेज पाठवतात. शेजारच्या घरातली पूजा वर्गात सारखी बडबडते, त्यामुळे तिच्या आईला रोज लांबलचक मेसेज येतो. काकू तो इंदापूरच्या एसटीतसुद्धा मोठ्यानं वाचून दाखवतात. असते तक्रारच, पण बाई रोज पूजाचं नाव लिहितात, यानंच माझा जळफळाट होतो. मी गप्प बसते, म्हणून माझं नाव कधीच येत नाही.

शेवटी आईनंच बाईंना लिहिलं, "आमच्या पोरीचं बी कळवा."

उत्तर आलं, "शांत आहे. तक्रार नाही."

"एवढंच व्हय?" आई फुगली. "तिच्या आईला एवढं मोठं, आन् मला एवढंसं? उद्या तू बी कायतरी कर की गं!"

म्हणून आज गणिताच्या तासाला मी पहिल्यांदाच मागं वळून पूजाशी बोलले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, पण ओरडल्या नाहीत. घरी आल्यापासून मी अंगणातच घुटमळतेय, कारण बाईंनी आता जर...

"आगं ए, पळत ये हितं! आला, आपल्याला बी आला! आन् येताना पूजाच्या आईला हाक मार!"