फ्यूज माझ्या खिशात आहे

नाही म्हणजे नाही, डॉक्टरसाहेब — फ्यूज माझ्या खिशात आहे आणि तो खिशातच राहील, तुम्ही कितीही गोड बोला. वहिनींना सांगून आमरस खाऊ घातलात म्हणून काय झालं, आमरस पोटात गेला, फ्यूज खिशात गेला, दोघांचा काही संबंध नाही. बसा. इथं तळ्यावरच्या फळीवर बसा माझ्याजवळ, आता करंट नाही कुठंच, बिनधास्त बसा — हं, पाय मात्र वर घ्या, पँट ओली होईल, मग नयनावहिनी मलाच बोलतील. वाजले किती? तीन? म्हणजे तुमच्या लेकीची, देवयानीची गाडी यायला अजून अर्धा-पाऊण तास आहे. पुष्कळ झाला.

आता तुम्ही म्हणाल, या भाऊरावला जेवायला बोलावलं, आणि हा आमची लाईट काढून बसला. बरोबर आहे. पण काढली कोणाच्या सांगण्यावरून? वहिनीच म्हणाल्या ना, की भाऊराव, पाण्यावरचे ते दिवे जरा लावून बघा, नात यायच्या आत सगळं चालू पाहिजे. गेलो मी बोर्डाजवळ. पस्तीस वर्षं सरकारात विजेचं काम केलं, जी, बोर्ड दिसला की झाकण उघडल्याशिवाय हात राहत नाही — आमची बायको बेबी लग्नघरी गेली की पहिल्यांदा मला दटावते, इथला बोर्ड उघडायचा नाही म्हणून. उघडला. आणि बघतो तर काय, लिकेज पकडणारा तो स्विच, ईएलसीबी, नवा कोरा, चांगल्या कंपनीचा — आणि दोन्ही तारा त्याला वळसा घालून सरळ पुढं! म्हणजे शोभेला ठेवलाय. दाराला कुलूप लावायचं आणि खिडकी काढून घ्यायची, तसं.

काय म्हणता? सारखा पडायचा, लाईट जायची? हाव, पडणारच! मोटर चालू केली की पडायचा, पाऊस आला की पडायचा, म्हणून हरिहर मिस्त्री म्हणाला, साहब, ये खराब है, डायरेक्ट कर देता हूँ — आणि तुम्ही म्हणालात, कर दो भैया. अहो, तुम्ही शास्त्रज्ञ माणूस! उंदराला औषध दिलं आणि उंदीर मेला, तर तुम्ही उंदीर खराब निघाला म्हणून दुसरा मागवता काय? तो स्विच खराब नव्हता, साहेब. तुमच्या अख्ख्या बागेत खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि त्याचंच तोंड बंद केलं तुम्ही लोकांनी.

हसताय ना? हसा. बरं, त्या स्विचचं काम काय, सांगतो. बाई शाळेची सहल घेऊन जाते. बसमधून उतरताना चाळीस पोरं मोजते, परत चढताना चाळीस मोजते. एक जरी कमी भरलं तर बस हलू देत नाही. बस, एवढंच. एका तारेनं जेवढा करंट गेला तेवढाच दुसरीनं परत आला पाहिजे. नाही आला तर गेला कुठं? तुमच्या तळ्यात गेला, दुसरीकडं कुठं जाणार! आणि आपण काय केलं, तर बाईलाच घरी पाठवून दिलं.

आणि ही नावेची लिफ्ट — वा, तिच्याबद्दल तर मानलं पाहिजे तुम्हाला. मलिहाबादकडं दशहरी आंब्याची बाग घेतली, इथवर ठीक. बागेत वीटभट्टीवाल्यांनी माती काढून केलेलं हे तळं निघालं, त्यात नाव आणून सोडली, तेही ठीक, हौस आहे. पण मोबाइलवर कुठले व्हिडिओ बघून नाव पाण्यातून वर उचलणारा पाळणा बनवला, आणि त्याला मोटर कसली? तर दुकानाच्या शटरची! अमीनाबादेतल्या कापडवाल्याचं शटर उचलायची मोटर, बाप्पा, तिला बिचारीला पाणी म्हणजे काय ते ठाऊक नाही, ती इथं पाण्यापासून हातभर उंचीवर लटकते आहे. फळीखाली वायरचा जोड, त्यावर काळी टेप, टेप सुटलेली, आणि जोड टेकलाय लोखंडी चौकटीला. चौकटीला शिडी, आणि शिडी पाण्यात. शिडीला अर्थिंगची तार? शोधली मी. नाही सापडली. तुम्हाला सापडली तर मला शंभर दशहरी मोफत द्या — नाही, उलटं झालं, मी तुम्हाला देतो.

मग काय, स्कूटरच्या डिकीतून मीटर काढलं, एक टोक शिडीला लावलं, दुसरं दहा हात लांब पाण्यात सोडलं. एकोणीस व्होल्ट. हां, हां, माहीत आहे तुम्ही काय म्हणणार ते — एकोणीसनं काय होतं, भाऊराव, कोरड्या हाताला कळतसुद्धा नाही. कोरड्या हाताला नाही कळत, खरं आहे. आणि शुद्ध पाण्यातून वीज जात नाही? तेही बरोबर, बोर्डाच्या परीक्षेत नंबर आलेले तुम्ही, तुम्हाला मी काय सांगणार! पण हे तळं काय तुमच्या लॅबमधल्या बाटलीतून ओतलंय? सकाळी समोरच्या काठाला सहा म्हशी बसल्या होत्या, साहेब.

ऐका आता, गंमत बाजूला. पाण्यात उतरलेल्या माणसाला शॉक बसतो ना, तो घरातल्यासारखा बसत नाही. घरात झटका बसला की माणूस ओरडतो, हात झटकतो, चार जण धावतात. पाण्यात तो ओरडत नाही. त्याचे हातपाय त्याचं ऐकेनासे होतात, बस. पोहणारा असो, पट्टीचा असो, हात उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही. आणि तो खाली जातो, अगदी गुपचूप. काठावरच्याला वाटतं, डुबकी मारली. वाट बघतो — आता निघेल, आता निघेल. आणि शंका येऊन जो उडी मारतो तोही त्यातच सापडतो. म्हणून आधी मेन पाडायचा, मगच पाण्यात. आधी मेन. दुसरं काहीही नाही. नंतर लोक म्हणतात, पायात गोळा आला असेल, पोट भरलेलं होतं, ऊन डोक्यात गेलं असेल. कोणाला कळत नाही. पाण्यावर डाग राहत नाही ना काही.

आणि तुमची रुचिरा कशी आहे पोहण्यात? तुम्हीच जेवताना तीनदा सांगितलं, नोएडात मेडल मिळालं, मासोळी आहे नुसती. मासोळी पहिल्यांदा कशाला धरणार? शिडीला.

नका, नका, हरिहरला आत्ता फोन करू नका. मी केला मघाशी. शिव्या पण देऊ नका त्याला. म्हणजे द्या, पण — मी दिल्या नाहीत. काहून दिल्या नाहीत? अहो, कारण... तो माझ्याच हाताखालचा आहे. सात वर्षं होता माझ्याबरोबर, रविवारी मी बाहेरची कामं घ्यायचो तेव्हा. चांगला हात आहे त्याचा, पाइप सरळ टाकतो. मी म्हटलं, हरिहर, ये क्या किया तूने, पानी के ऊपर डायरेक्ट? तर हसला. म्हणाला, उस्ताद, ये तो आप ही से सीखा है. मेहमान आ रहे हों और स्विच गिर रहा हो, तो आप भी तो डायरेक्ट कर देते थे.

खोटं बोलला नाही तो.

हं... तर सांगत काय होतो — हे करायचं कसं, ते लिहून घ्या. काठावर, पाण्यापासून लांब, वेगळा बोर्ड. त्यात तो स्विच, आणि तो पडला तर पडू द्यायचा, काहून पडला ते शोधायचं. शिडी, चौकट, नाव ठेवायचा पाळणा, जेवढं लोखंड आहे तेवढं सगळं एका तारेनं जोडून जमिनीत उतरवायचं. वायर पाइपातून, पाणी चढतं त्याच्या वर, जोड एकही नाही. दिवे बारा व्होल्टचे. आणि एवढं सगळं करूनही पोरांना पोहायचं असेल तेव्हा मेन बंद. नाहीतर पोहायला तिकडं म्हशींच्या बाजूला. त्या बऱ्या, त्यांना वायरिंग नाही.

कोण? कोण बुडालं? मी कुठं नाव घेतलं? — असेल, एक ओळखीचा. ओळखीचा म्हणजे... तुम्ही बघताय कशाला असे. गोपीनाथ. माझा भाऊ, धाकटा. वैनगंगेच्या पुरात पोहणारा पोरगा, साहेब, भंडाऱ्याला पूर बघायला लोक पुलावर जमायचे तेव्हा हा पलीकडून हात हलवायचा. सत्त्याण्णवचा जून. त्याला नोकरीचं पत्र आलं, म्हणून पेढे घेऊन माझ्याकडं आला लखनऊला. बेबीनं सांगितलं, ते रविवारच्या कामावर गेलेत, महानगर मोहल्ल्यात एका बंगल्यात. तर हा पेढ्यांचा पुडा घेऊन तिथंच. बंगल्यात पोहायचं टाकं होतं, टाक्यात पंप, आणि पंपाचा स्विच सारखा पडत होता. मालक म्हणाला, भैया, शाम को मेहमान हैं, कुछ करो. मी केलं. एका संध्याकाळपुरतं करतो, उद्या येऊन बघतो, असं मनात म्हटलं आणि केलं. मी वर गच्चीवर होतो, दिव्यांची माळ बांधत. गोपी खालून ओरडला, दादा, पाणी काय मस्त आहे, उतरू का? मी म्हटलं, उतर ना लेका, तुझाच दिवस आहे आज.

मी वरून बघत होतो. मला वाटलं, डुबकी मारली.

मेन पाडला मी, मग उतरलो. तेवढं डोकं चाललं. बाहेर काढला त्याला. सगळे जमले, कोणी छाती दाबतंय, कोणी रिक्षाला पळतंय — आणि मी काय केलं, माहीत आहे? मी उठून बोर्डाकडं गेलो. दोन्ही तारा काढून परत स्विचमधून लावल्या. चार मिनिटांचं काम. पेचकस हातातून एकदाही निसटला नाही. माझी आई सोळा वर्षं सांगत राहिली, पोराला पाण्यानं नेला, नजर लागली त्याच्या पोहण्याला. मी ऐकायचो. बेबीला माहीत नाही. बेबीला अजून माहीत नाही, साहेब.

त्यानंतर मी एकदाही डायरेक्ट केलं नाही. देवाशप्पथ — आम्ही देव मानत नाही, पण तुम्हाला समजावं म्हणून. सरकारी कामावर गेलो तिथं घरोघरी भांडलो, लोकांनी हाकलून दिलं, तरी नाही केलं. पण हरिहरला तेव्हा, करू नकोस, असं म्हणालो नाही. म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं ना — क्यों, उस्ताद? त्या एका प्रश्नाला भ्यालो मी. रविवारची बाहेरची कामं तिथंच सोडून दिली आणि त्याला जाऊ दिला, तसाच, माझा तो धडा बरोबर घेऊन. आता किती बोर्ड असतील त्याच्या हातचे? मोजता येणार नाहीत मला. एक सापडला, तो तुमचा. संध्याकाळी पाचला बोलावलंय त्याला. तारा त्यालाच बदलायला लावतो, आणि सांगतो. सगळं सांगतो. तुम्हाला सांगायला एवढा वेळ लागला, त्याला किती लागेल कोण जाणे.

हॉर्न वाजला काय? आली वाटतं गाडी. चला, डोळे पुसा, तुम्ही काहून रडताय, रडायचं तर मी — ए! ए पोरी! रुचिरा! शिडी सोड! सोड ती शिडी, हात काढ, छोड दो बेटा, छोड! पीछे हटो!

...बंद आहे. हो, माहीत आहे मला, बंद आहे. फ्यूज खिशात आहे. हा बघा. मीच काढला, माझ्याच हातात आहे, आणि मीच ओरडलो.

काय म्हणते ती? तुमची नात मराठी समजते आणि बोलते हिंदीत, आमच्या नातीसारखी, दीप्तीसारखीच आहे. — नहीं बेटा, गुस्सा नहीं हूँ. क्या? पानी से? हाँ, डरता हूँ. बहुत डरता हूँ.

जा, डॉक्टरसाहेब. घेऊन जा तिला आत, आमरस द्या. नाव उद्या दाखवा. मी हरिहर येईपर्यंत इथंच बसतो. आणि हात पुढं करू नका असा, फ्यूज मिळायचा नाही.