मागच्या चाकातली हवा

नाही हो सर, पंक्चर नाहीच. ट्यूब पाण्यात बुडवून बघितली — एक बुडबुडा निघाला असेल तर शपथ. बसा त्या स्टुलावर, डुगडुगतं ते, भिंतीला टेकून बसा. तर मी काय म्हणते — तुमची हवा कुठं जात नाही. आहे तिथंच आहे. मग रोज सकाळी मीटरचा काटा खाली का? सांगते. रात्रभर स्कूटर उघड्यावर, थंडी ही अशी — हवा आतल्या आत अंग चोरून बसते, टायरवर जोर करत नाही. तुम्ही येता, मी भरते. आणि दुपारी? रस्ता तापलेला, गाडी पळून आलेली — तीच हवा तापते, तिला पसरायचं असतं, पण पसरणार कुठं? टायर जागा देतोय होय? मग आतून ढुशा मारते, काटा वर. तुम्ही परत येता, मी काढते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसलं चाललंय आपलं. खरं तर थंड चाकात एकदा नीट भरली की पंधरा दिवस बघायला नको.

आमच्या घरात बघा ना — मी, सासूबाई, नणंद. खोल्या दोन, माणसं तीन. नणंद तापली की फळीवरची भांडी वाजतात. आणि परवा मोठं कपाट आणलं, जागा कमी झाली — तर कुणी तापलेलं नसताना भांडण. हवेचं तेच, दाबली की जोर आलाच. नणंदच म्हणाली काल — वहिनी, त्या चाकाला काही झालेलं नाही, झालंय ते तुला. तोंडाला कुलूप म्हणून नाही तिच्या. म्हणे, उद्या सर आले की तू खरं सांग, नाहीतर मी सांगते — आणि ती सांगणार म्हणजे तिखटमीठ लावून. म्हणून सांगितलं, बाकी काही नाही. हे गेल्यापासून दुकान मी चालवते, फसवलं असं कुणी म्हणायला नको. उद्यापासून रोज यायची गरज नाही तुम्हाला. वाईट वाटेल, नाही कशाला म्हणू — सकाळचा कान त्या वळणावरच असतो माझा, तुमचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, लगेच कळतं. जाऊ दे. कुठं होते मी?

बोलत का नाही तुम्ही? राग आला? — हसताय. वर्गातही असंच गप्प बसून शिकवता का? काय शिकवता हो, कधी विचारलंच नाही मी. भाषा असेल.

काय? विज्ञान?

म्हणजे हे — तापली की जोर, दाबली की जोर — हे सगळं? धडाच आहे म्हणता. दरवर्षी शिकवता.

मग इतके दिवस तुम्ही —

नको, काही बोलू नका. पडद्यामागं नणंद आहे, कान टवकारून. ही घ्या, टोपी लावली व्हॉल्व्हची. जा, घंटा होईल शाळेची. आज ऊन कडक पडणार असं दिसतंय. दुपारी काटा वर जाईल.