दाराशी कचरा

कचऱ्यावर फुलं येतात का? मी घरात सगळ्यांना विचारत सुटले. बोंडअळीच्या साली दादानं दाराशी काळ्या मातीवर ओले पोते अंथरले, वर शेणखत अन् कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे तुकडे टाकले. म्हणाला, "झेंडू लावू. खंदू नको वं, ढेकळं होतील."

पण मला पाहायला सोयरे येणार होते. लाज वाटली. मी सगळं उपसून फेकलं अन् ओली माती खंदून ठेवली. ती वाळून दगड झाली.

सोयऱ्यांसमोर दादा म्हणाला, "विटा पाडल्या काय वं?" सगळे हसले. माझी मान वर होईना.

पुढच्या पावसाळ्यात दादा तापानं गेला. तेरवीच्या सकाळी मी पोते अन् शेणखत दाराशी आणलं, तशी आत्या म्हणाली, "लोक येऊन राह्यले, दाराशी हा कचरा काहून?"

मी ढेकळांवर ओले पोते अंथरले, शेणखत टाकलं अन् दादानं ठेवलेलं झेंडूचं बी पेरलं.