चार हजारांना गेलेली मेल

रांगेत उभं राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची माझी खोड शाळेपासूनची. काल बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटी विद्यापीठाची मेलची यादी सांभाळणारी.

"ताई, यादीवर कुणीही काही पाठवलं की ते आधी माझ्याकडे येतं. मी सोडलं की चार हजार जणांना जातं."

"बरं, मग?"

"तो ग्रंथपाल माहितीये ना? मीच वाचणार म्हणून रोज यादीवर काहीतरी गमतीचं पाठवतो. मी हसते आणि काढून टाकते."

"आणि आज?"

"आज घाईत सगळ्या मेल एकदम सोडल्या. त्यात त्याची होती. 'शनिवारी माझ्याबरोबर चहाला याल का?'"

"अगं बाई! चार हजारांना?"

"कुलगुरूंनासुद्धा! त्यांचंच पहिलं उत्तर आलं, 'जरूर जा.'"

"खिदळू नकोस, लोक बघतायत. तो बिचारा तोंड लपवून बसला असेल! तू काय कळवलंस?"

"यादीवरच लिहिलं. 'शनिवारी येते. कृपया या मेलला कोणीही उत्तर देऊ नये.'"

"मग?"

"तीनशे उत्तरं आली."

"आणि त्याचं?"

"त्याने विचारलंय, हा नियम मलाही लागू आहे का?"